बहेकार गुर्जींची धरपकड

गावात वाघ शिरला त्या सकाळी सुखदेव लाकूडतोड्या शाळेच्या दारातून आत आला तो उभा नव्हे, आडवाच. धापा टाकत, डोळे पांढरे करत तो ओरडला, "वाघ नाही जी गुर्जी, काळ हाये, काळ!" मुलं तरटं सोडून कोपऱ्यात दडली, मी दार लावायला धावलो, आणि बहेकार गुर्जींनी उजव्या हाताचं बोट वर केलं.

"धरला!" ते म्हणाले. "अपन्हुती! डोयापुढची वस्तू नाकारायची आन् तिच्या जागी दुसरी बसवायची. वाघ नाही, काळ. वा रे वा, सुखदेव! वीस वर्सं पुस्तकातलं उदाहरण शिकवून राहिलो, असं जितं नाही भेटलं."

सुखदेव पाणी मागत होता. गुर्जी त्याला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावत होते, कारण पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांच्या हातात खडू नव्हता. वाघ एक बकरी उचलून जंगलात परत गेला. गुर्जी दुपारी त्या बकरीच्या मालकाचं सांत्वन करायला गेले आणि तिथूनही एक उत्प्रेक्षा घेऊन आले.

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या बरीच आधीची. सालेकशाच्या पुढे रूळ जंगलात शिरतात, तिथल्या एका गावच्या शाळेत माझी दुय्यम शिक्षक म्हणून नेमणूक झाली होती. मी उमरेडकडचा. स्वभावानं उतावळा, कुठं स्थिर बसलो तर अंगाला मुंग्या येणारा. चहूकडे जंगल आणि मधे धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, रोज दोनदा लांबून जाणारी गाडी, आणि बोलायला माणूस एकच. पहिल्याच आठवड्यात मी बदलीचा अर्ज लिहून टाकला. पुढं दर महिन्याला एक लिहीत गेलो.

तो बोलायचा एक माणूस म्हणजे डोमाजी बहेकार गुर्जी, शाळेचे मुख्याध्यापक. उंच, वाळलेले, गुडघ्यापर्यंत धोतर, वर काळा कोट, आणि बारा महिने हातात छत्री. ते कधी बसत नसत. शिकवताना वर्गात येरझाऱ्या, जेवण झालं की अंगणात येरझाऱ्या, कुणाच्या घरी गेले तर दारातच उभे. "बसलं का कान बसते," ते म्हणायचे. "लोकं चालता चालता बोलून राहिले, आपुन बसून कसं जमन?" छत्री उन्हापावसासाठी नव्हती. तिच्या काळ्या कापडावर ते खडूनं लिहीत. रस्त्यात कुणाच्या तोंडून एखादा अलंकार निघाला की छत्री उघडायची, उलटी करायची आणि लिहायचं. पाऊस आला की छत्री मिटून कोटाच्या आत धरायचे आणि स्वतः भिजायचे, कारण आठवड्याची कमाई धुऊन गेली असती. गोंदियाच्या बाजारात एकदा एका माणसानं त्यांना विचारलं होतं की ही छत्री मंतरलेली आहे काय.

मी त्यांच्याच घरी राहत होतो. ओसरीवरची खोली माझी, जेवण त्यांच्या स्वयंपाकघरात. म्हणजे चोवीस तास सुटका नाही. सकाळी उठून मी म्हणालो की झोप लागली नाही, मच्छरांनी सोलून काढलं, की ओसरीतून आवाज यायचा, "धरला! अतिशयोक्ती." पहिले काही दिवस गंमत वाटली. नंतर मी मोजकं बोलू लागलो. नंतर तर मी मनातल्या मनात आधी वाक्य तपासून घेई आणि मग तोंड उघडे, आणि त्यामुळे माझ्या डोक्याची आग होई. हे मी एकदा बोलून दाखवलं आणि लगेच जीभ चावली. उशीर झाला होता.

पण शिकवावं तर गुर्जींनीच. मास्तरकी शिकवणाऱ्या आमच्या नॉर्मल स्कुलात अलंकार म्हणजे व्याख्या पाठ करायच्या. उपमेय, उपमान, साधर्म्य. मी त्या पाठ करून पास झालो होतो आणि मला त्यातलं काही कळलं नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही. गुर्जींचा नियम असा होता की चौथीच्या प्रत्येक पोरानं रोज घरून एक वाक्य आणायचं. पुस्तकातलं चालायचं नाही. "जितं आना, मेलेलं नोका आनू," असं ते बजावत. पुस्तकातल्या कमळावर आणि चंद्रावर त्यांचा भारी दात होता.

"तुयी माय चुलीपुढं बसते तवा तिचं तोंड कमळावानी दिसते का रे?"

"नाही जी."

"मंग कसं दिसते?"

"लाल दिसते जी. रागावल्यावानी."

"धरला! हे लिव. कमळ कायले लिवते?"

एकदा पांडू नावाच्या पोरानं सांगितलं की बाप त्याला म्हणतो, तुयं डोस्कं कोहळ्यावानी हाये.

"धरला! उपमा," गुर्जी म्हणाले. "डोस्कं येगळं, कोहळं येगळं, मधात 'वानी'चा पूल. आन् बाप आखीन तापला तं काय मनते?"

"मनते, तुयं डोस्कं जनू कोहळंच."

"उत्प्रेक्षा. पूल अर्धा बुडाला. आन् पार तापला तं?"

"तं मनते, थे डोस्क्याचं कोहळं वर कर."

"रूपक! पूल गेला, दोन्ही काठ एक झाले. पाहा पोट्ट्याहो, जसा जसा राग वाढते तसा तसा अलंकार वाढते." मग पांडूची पाठ थोपटून म्हणाले, "तुया बाप मोठा मानूस हाये. त्याले आखीन एकदा तापव."

त्या दिवशी मला उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांतला फरक कळला. मी खिडकीबाहेर बघतो आहे असं दाखवलं, कारण मी ट्रेन्ड मास्तर होतो.

गावालाही त्यांची सवय झाली होती. काही जण त्यांना पाहून बोलणं बंद करत, काही मुद्दाम सजवून बोलत. सजवलेलं ते घेत नसत. तंबाखू चोळत एखादा म्हातारा म्हणे, "गुर्जी, आज ऊन असं पडलं जसं आभायातून निखारे सांडले." गुर्जी एक क्षण ऐकून मान हलवत. "घरून बनवून आनला तुमी हा. जिता नाही." म्हातारा खट्टू व्हायचा.

अपमान मात्र त्यांना कधी लागत नसे. गोंदियाला आम्ही शाळेच्या पाट्या आणायला गेलो होतो. गुर्जींनी दुकानदाराला अर्धं दुकान खाली उतरवायला लावलं, एकेक पाटी वाजवून पाहिली आणि शेवटी म्हणाले की पुढच्या बाजाराला येऊ. दुकानदारानं हात जोडले. "वाह गुरुजी! आप जैसा गिराहक भगवान हर दुकानदार को दे. दुकान की सफाई मुफ्त में हो जाती है." गुर्जींचा चेहरा उजळला. "व्याजस्तुति!" ते म्हणाले. "ऊपर से तारीफ, अंदर से चपराक. सेठजी, आप तो कवी निकले!" आणि आनंदाच्या भरात त्यांनी ठरल्यापेक्षा दुप्पट पाट्या घेतल्या. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. 

शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी एकदा नाक मुरडून म्हटलं, "बहेकार, ही शाळा आहे की गोठा आहे?" मी घाबरून पुढं झालो. गुर्जी म्हणाले, "ससंदेह जी, सायेब. हे का ते, असा संशय. लय सुरेख." साहेबांनी शेरेबुकात जे लिहिलं ते गुर्जींनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर उतरवलं आणि पोरांकडून त्यातले तीन अलंकार काढून घेतले.

असा माणूस घरात काय करत असेल, असं तुम्हाला वाटेल. मी सोडलो तर घरात तो मुका होता, कारण माझ्याखेरीज घरात त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं.

भागरथाकाकू, म्हणजे गुर्जींची बायको, सगळ्या गावाशी बोलायच्या. माझ्याशी तर भरपूर. माहेर केशोरीचं, तिथल्या धानाच्या गोष्टी, तिथली माणसं, त्यांना सांगू किती आणि नको किती असं व्हायचं. पण ओसरीत गुर्जींच्या वहाणा वाजल्या की पदर तोंडावर यायचा आणि शब्द बंद. मग काकू माझ्या कानाशी येऊन पुटपुटायच्या, "मास्तर, सांगा त्याइले, तेल सरलं." मी उठून तीन पावलं चालायचो आणि ओसरीत सांगायचो की तेल संपलं. गुर्जी म्हणायचे, "सांगा तिले, उद्या आनतो." मी तीन पावलं परत. बैलाला चारा, कोठ्याच्या छपराला कवेलू, पाहुण्याला जेवण, सगळं माझ्या तोंडून. मी शिक्षक म्हणून आलो होतो आणि निरोप्या होऊन बसलो होतो. चिडचिड व्हायची. एकदा जेवता जेवता मी पाच वेळा उठलो आणि भात थंड झाला, तेव्हा मी ताट सरकवून म्हणालो की हा काय पोरखेळ आहे. 

या अबोल्याचं कारण मला शेजारच्या तान्याबाईनं सांगितलं. तान्याबाई म्हणजे गावातल्या रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावणाऱ्या, बायांची पुढारीण. तिच्या हाकेवर वीस बाया चिखलात उतरायच्या.

दोन वर्षांपूर्वी काकूंची आई वारली. गुर्जी, काकू आणि सोबतीला तान्याबाई बैलबंडीनं केशोरीला पोहोचले तेव्हा अंगणात पुरुष बांबू बांधत बसले होते आणि आत बाया रडत होत्या. इकडे बाया नुसत्या रडत नाहीत, रडता रडता बोलतात, गेलेल्याला सगळं सांगतात. काकूंनी आईच्या पायावर डोकं ठेवून हंबरडा फोडला. "माय व! मायं झाड पडलं व माय! आता मी कोनाच्या सावलीत बसू?"

आणि अंगणातून आवाज आला, "धरला! रूपक!"

"बांबू बांधनाऱ्याइचे हात थांबले, मास्तर," तान्याबाई म्हणाली. "मी तितंच होती. एक कावळा तेवढा वरडून राहिला होता. भागरथानं डोस्कं वर केलं, त्याइच्याकडं पाह्यलं, आन् रडनं बंद केलं. मायच्या मयतीत पोरीचं रडनं बंद झालं, बापा. थो दिस आन् आजचा दिस, त्याइच्यासंगं एक सबद नाही."

अगदी सुरुवातीला एक वाट उघडी होती. काकू म्हशीशी बोलायच्या. गुर्जी अंगणात असले की म्हशीला म्हणायच्या, "तू मुकी हायेस व, तरी तुले कळते. बोलनाऱ्याइले नाही कळत." ते गुर्जींसाठीच होतं, म्हशीलाही कळलं असेल. गुर्जींच्या तोंडून निघून गेलं, "अन्योक्ती!" त्या दिवसापासून काकू म्हशीशीही बोलायच्या बंद झाल्या.

हे ऐकून मला गुर्जींचा असा संताप आला की मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते रुळाकडे फिरायला निघाले तेव्हा मी मागोमाग गेलो आणि सरळ विचारलं. म्हटलं, गुर्जी, तुम्हाला जरा तरी लाज वाटली का?

ते चालत राहिले. चालता चालताच म्हणाले, "माया तोंडाले मी सोता चपराका मारल्या, मास्तर. म्हशीच्या येळेस बी मारल्या."

"मग तोंड आवरत का नाही?"

"तुमाले सांगू? कोनी रडून राहिलं का मले भेव वाटते. लहानपनी मायी माय गेली, बाप गेला. मले काहीच समजे ना. मंग शाळेत गुर्जीनं शिकवलं का ह्याले हे म्हनाचं, त्याले थे म्हनाचं. मले बरं वाटलं. नाव भेटलं का थे चिज जरा दूर उभी रायते. अंगावर नाही येत." ते थांबले. रस्त्यात अलंकाराशिवाय त्यांना थांबलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. "केशोरीची बुढी मायी बी माय होती, मास्तर. लगनानंतर तिनंच मले भरवलं. भागरथा रडली तसा मी रडलो असतो. थ्या जागी थो सबद निघून गेला."

"हे काकूंना सांगा ना."

"सांगाले गेलो का माया तोंडात दुसऱ्याचेच सबद येतेत. हा ह्यानं म्हटलेला, थो त्यानं म्हटलेला. मायं असं एक बी नाही." आणि ते पुन्हा भराभर चालू लागले.

मला वाईट वाटलं. खरं सांगतो, रागही गेला नाही. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं आणि त्यामुळे जास्तच अस्वस्थ झालो. मी दोघांमध्ये निरोप नेता नेता थोडंफार आपल्या पदरचं घालू लागलो. काकू म्हणत, सांगा त्याइले, छत्री फाटली. मी सांगे, काकू म्हणतात, छत्री फाटली, भिजत जाऊ नका. गुर्जी माझ्याकडे रोखून पाहत. "हा तिचा नाही," म्हणत. "तुमचा हाये."

श्रावणात रोवणी निम्मी झाली असताना माझ्या बदलीचा हुकूम आला. इतके अर्ज केले होते त्यांतला एक कुठंतरी लागला. गोंदियाजवळची शाळा, बाजार, आगगाडी, माणसं. मी ओसरीतच एक उडी मारली. संध्याकाळी जेवताना मी बातमी सांगितली. गुर्जी ओसरीत येरझाऱ्या घालत होते. काकूंच्या हातातला पळा भाताच्या गंजात तसाच राहिला.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमी गेल्यावर मी या घरात कोनाच्या तोंडानं बोलू?"

आवाज खाली ठेवायला त्या पहिल्यांदाच विसरल्या. ओसरीतल्या वहाणा थांबल्या. मी कान टवकारून बसलो, आता तो शब्द येणार, आला की मी उठून त्यांचं तोंड दाबणार. काही आलं नाही. वहाणा अंगणात उतरल्या आणि फाटकाबाहेर गेल्या. गुर्जी त्या दिवशी जेवले नाहीत, आणि माझ्या पोटातला बदलीचा आनंद तिथंच नासला. मी गेलो की हे घर पूर्ण बंद होणार, हे त्या दोघांनाही कळलं होतं आणि मलाही.

जायच्या आदल्या दिवशी गुर्जींच्या बांधीत रोवणीचा शेवटचा दिवस होता. शाळेला रोवणीची सुट्टी होती, म्हणून मीही गेलो. तान्याबाईच्या वीस बाया ओळीनं वाकून धान रोवत होत्या, काकू त्यांच्यातच, ओळीच्या टोकाला. गुर्जी पाळीवर, खाचराच्या बांधावर, उभे होते. गेले आठ दिवस ते असेच उभे राहत, भर पावसात, आणि मला वाटायचं की हे रोवणीच्या गाण्यांतले अलंकार पकडायला येतात. मी तसं तान्याबाईजवळ बोललो.

"कायचे अलंकार, मास्तर," ती वाकलेलीच म्हणाली. "खडू दिसते का हातात? भागरथा गाते तवरच उभे रायतेत. दुसरीनं गानं धरलं का खाली पाह्यतेत."

तेवढ्यात काकूंनीच गाणं धरलं.

"बांधीत बांधी भरली, चिखल झाला लोनी,
मायेरच्या वाटंवर आता उभी नाही कोनी."

वीस बायांनी ते उचललं. गुर्जी मान वर करून ऐकत होते. ओठ हलत नव्हते, बोट हलत नव्हतं.

इकडे रोवणा सरला की बाया मालकाला सोडत नाहीत. घेरायचं, चिखलानं माखायचं, आणि काहीतरी कबूल करून घ्यायचं, हा त्या दिवसाचा हक्क आहे. मालक कितीही मोठा असो, त्या दिवशी पळायचं नाही. शेवटच्या ओळीत रोपांच्या पाच-दहा मुठी राहिल्या तेव्हा तान्याबाईनं खूण केली आणि बायांनी पाळीवरून गुर्जींना खाली ओढलं. छत्री एकीनं घेतली, कोट दुसरीनं. गुर्जी पोटऱ्यांपर्यंत चिखलात.

"सोडा व बायाहो! जेवन देतो साऱ्याइले!"

"जेवन तं देनंच हाये," तान्याबाई म्हणाली. दोन्ही हातांत चिखल घेऊन ती पुढ्यात उभी राहिली. "वीस वर्सं आमच्या बोलन्याले नावं देऊन राहिले तुमी. मायं भांडन धरलं, सुखदेवाचा वाघ धरला, कोनाचं मरन बी नाही सोडलं. आज तुमी एक बोला. तुमचं सोताचं. नाही तं सोडत नाही."

बाया हसल्या. मला हसू आलं नाही. मी काकूंकडे पाहिलं. त्या एकट्याच उठल्या नव्हत्या, आमच्याकडे पाठ करून उरलेल्या मुठी रोवत होत्या.

गुर्जींनी घसा साफ केला. "हे धान... जनू..." ते म्हणाले, आणि थांबले. "ह्या बाया जशा..." पुन्हा थांबले. बाया खदखदल्या. एकीनं त्यांच्या धोतरावर चिखल मारला. ज्या माणसाला गावातलं प्रत्येक वाक्य ओळखता येत होतं त्याला एक वाक्य सुचत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसा मी तीन पावलं चालून काहीतरी आणून देईन. मी मान खाली घातली. मी उद्या जाणार होतो.

मग ते बायांकडे नाही, माझ्याकडे नाही, ओळीच्या टोकाला वाकलेल्या त्या पाठीकडे बघून बोलले. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"भागरथे, घरी कोंबडा वरडते, भांडे वाजतेत, पानी पडते कवेलूवर. गाडी जाते. पन तू बोलत नाहीस, तं मले काहीच आयकू येत नाही."

 तान्याबाईच्या हातातला चिखल खाली सांडत होता.

काकू हळूच उभ्या राहिल्या. कमरेवर हात ठेवून, पाठ सरळ करत त्या वळल्या. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. दोन वर्षांनी त्यांनी नवऱ्याकडे बघून तोंड उघडलं.

"हा कोनता अलंकार जी?"

मला माहीत होता. एक नाही, दोन तरी सापडले असते, आणि अलंकार त्यांच्याकडूनच शिकलो असल्यामुळे माझ्या जिभेवर आलेही होते. मी ओठ घट्ट मिटून घेतले. गुर्जींचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात स्वच्छ नव्हते.

"मले नाही मालूम," ते म्हणाले.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"नाही मालूम? मंग खरं असन," त्या म्हणाल्या.

त्या चिखलातून चालत आल्या, तान्याबाईला बाजूला केलं, आणि चिखलाचा हात गुर्जींच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवला. कुणी हसलं नाही, मग सगळ्याच हसल्या. तान्याबाई पदराला डोळे पुसत शिव्या देत होती, कुणाला ते कळत नव्हतं.

शेवटची ओळ अजून राहिली होती. गुर्जींनी काही न बोलता रोपांची एक मूठ उचलली आणि वाकले. उभ्या जन्मात त्यांनी धान रोवलं नसावं. रोपं कुठंही, कशीही, काही तर आडवी. काकू मागून येत होत्या, एकेक रोप उपटून नीट लावत होत्या आणि सारखं बोलत होत्या. असं नोका करू, मुळं वर राहिले पाहा, एवढं वय झालं तरी समजत नाही का तुमाले, केशोरीचे लेकरं बी याच्यापेक्षा बरं रोवतेत. गुर्जी पुढं पुढं वाकडी रोपं लावत गेले, आणि मला वाटतं, मुद्दामच.